स्ट्रॉबेरीची उतरंड : परसबागेतील एक हिवाळी पाठ

(इयत्ता पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसाठी)

खानदेशातील मुलाला केळीविषयी फारसे शिकवावे लागत नाही. मृगबाग कोणती व कांदेबाग कोणती, मुनवा कसा निवडावा, घड केव्हा कापावा, याविषयी रावेर-यावलकडील दहा वर्षांचा मुलगा शिक्षकालाच चार गोष्टी सांगू शकेल. त्याच मुलाला स्ट्रॉबेरीविषयी विचारले, तर ते फळ त्याने पाहिलेले असते ते अंकलिपीच्या पानावर, बिस्किटाच्या वेष्टनावर, नाहीतर गुलाबी गोळीच्या चवीत. ते झाडाला येते की वेलीला, बी पेरून होते की कलमाने, हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळ शिक्षकांनाही ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हा अध्यापनशास्त्रातील जुना नियम आहे. केळ ही ज्ञात आणि स्ट्रॉबेरी ही अज्ञात, अशी दोन पिके शेजारी ठेवली म्हणजे माती, पाणी, हवा, परागण आणि वनस्पतींचे पुनरुत्पादन हे पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या धड्यांत विखुरलेले विषय एका जागी गोळा होतात. पुढील पाठ त्या दृष्टीने योजला आहे. शाळेने स्ट्रॉबेरी पिकवून विकावी असा त्याचा हेतू नाही. आपल्या भागात हे फळ का येत नाही, आणि ते आणावयाचे झाले तर नेमके काय काय बदलावे लागते, हे मुलांनी हाताने करून पाहावे एवढाच हेतू आहे.

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीचे घर म्हणजे सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर-पाचगणीचे पठार. देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच भागातून येतो, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या जळगावच्या केळीला ते २०१६ साली मिळाले, हेही मुलांना या निमित्ताने सांगावे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथील जमीन जांभ्या दगडापासून झालेली, तांबडी व आम्लधर्मी. हिवाळ्यातील दिवस कोवळ्या उन्हाचे आणि रात्री थंड. नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्यातच होता. त्यातील अक्कलकुवा तालुक्याच्या डाब परिसरात, सातपुड्याच्या उंच पठारावर, अलीकडच्या वर्षांत आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी घेऊ लागले आहेत. म्हणजे हे पीक खानदेशाच्या अंगणात आले आहे, पण डोंगरावर. तापी-गिरणेच्या सपाटीवर नव्हे. असे का, हा पाठातील पहिला प्रश्न. नकाशा समोर ठेवून तो वर्गाला विचारावा व उत्तर देण्याची घाई करू नये.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग हवेचा. स्ट्रॉबेरीला दिवसा २२ ते २५ अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून पुष्कळ कमी तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हे रोप उघड्यावर टिकणे कठीणच. परंतु खानदेश केवळ उन्हाचा नाही. धुळ्यात थंडीच्या लाटेत किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री स्ट्रॉबेरीला हव्या तशाच असतात. शिवाय आपण लावणार त्या जातींना फुलकळी धरण्यासाठी लहान दिवस लागतो, आणि आपल्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तेव्हा वर्षातील चार महिने हवा आपल्या बाजूची आहे.

दुसरा भाग मातीचा, आणि तो अधिक अवघड. स्ट्रॉबेरीला किंचित आंबट माती लागते, सामू ५.५ ते ६.५ असावा. आपली काळी कपाशीची जमीन चुनखडीयुक्त, सामू बहुधा साडेसातच्या पुढे. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाजरी, कपाशी, केळ यांना जी जमीन आईसारखी, तीच या परक्या रोपाला उपाशी ठेवते. हवा बदलता येत नाही, शेताची मातीही बदलता येत नाही. पण एका कुंडीतील माती बदलता येते. म्हणून खानदेशात स्ट्रॉबेरी म्हटली की कुंडी आलीच. आणि जागा, पाणी व सावली यांची काटकसर करावयाची म्हणून ती कुंडी उभी, एकावर एक रचलेली.

मातीचा आंबटपणा मुलांना डोळ्यांनी दाखविता येतो. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून त्याचा अर्क करावा. एका वाटीत लिंबाचा रस, दुसरीत चुन्याची निवळी, तिसरीत शेतातील काळी माती ढवळून गाळलेले पाणी आणि चौथीत कुंडीसाठी केलेल्या मिश्रणाचे गाळलेले पाणी घेऊन प्रत्येकात थोडा अर्क घालावा. लिंबात तो गुलाबी होतो, चुन्यात हिरवा. मातीच्या पाण्यात रंग फिका येतो, त्यामुळे वाट्या पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात पाहाव्यात आणि काळ्या मातीच्या पाण्यावर हिरवट झाक येते का, ते मुलांनाच ठरवू द्यावे.

आता कुंडीविषयी. जुन्या घरांत धान्याची मडकी एकावर एक रचून ठेवीत, त्यास उतरंड म्हणत. आपली उभी कुंडी म्हणजे तीच उतरंड, फक्त धान्याऐवजी रोपांची. ती करण्याचे प्रकार अनेक आहेत. शाळेला सोयीचे दोन येथे सविस्तर देत आहोत.

पहिला प्रकार मातीच्या कुंड्यांचा. तळाशी ५० सेंटिमीटर तोंडाची पसरट कुंडी, तीवर मध्यभागी ३० सेंटिमीटरची, आणि सर्वांत वर १५ सेंटिमीटरची. खालची कुंडी मिश्रणाने भरून घट्ट बसवावी, मग दुसरी तिच्यात दोन बोटे रुतवून ठेवावी. प्रत्येक कुंडीच्या कडेभोवती जी मोकळी गोल पट्टी राहते, तिच्यात रोपे लावावयाची. रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास खाली सहा, मध्ये तीन व वर एक अशी दहा रोपे बसतात. ही संख्या शिक्षकांनी आधी सांगू नये. पट्टीच्या मधोमध दोरी फिरवून तिची लांबी मोजणे आणि तिला वीसने भागणे हे काम सहावीच्या मुलांचे आहे. भाजलेल्या मातीच्या भिंतींतून पाणी झिरपते व त्यामुळे मुळांशी गारवा राहतो; माठातील पाणी गार का होते, हा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो. आपल्या उन्हाचा विचार करता सर्व प्रकारांत हाच सरस आहे. गावात कुंभार असेल, तर त्याला शाळेत बोलावून माप समजावून सांगावे.

दुसरा प्रकार नळीचा. शेतीच्या पाइपलाइनमधून उरलेला सहा इंची पीव्हीसी नळीचा सव्वा मीटरचा तुकडा पुष्कळ गावांत फुकट मिळतो. जमिनीपासून २५, ५०, ७५ व १०० सेंटिमीटर उंचीवर, प्रत्येक थरात तीन अशी बारा भोके पाडावीत. एका थरातील भोक वरच्या थरातील भोकाच्या बरोबर खाली येऊ देऊ नये. भोक सुमारे सहा सेंटिमीटर रुंद असावे. कापण्याचे व भोके पाडण्याचे काम शिक्षकांनी किंवा गावातील नळकारागिराने करावे, मुलांनी नव्हे. कडा कानशीने घासून घ्याव्यात. नळी दगड भरलेल्या जुन्या घमेल्यात उभी करून व्हरांड्याच्या खांबाला दोन ठिकाणी बांधावी. तीत सुमारे २४ लिटर मिश्रण बसते आणि ओले झाल्यावर तिचे वजन २५ किलोपेक्षा अधिक भरते. न बांधलेली नळी मुलाच्या अंगावर पडू शकते. नळी उन्हात तापते, म्हणून तिला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा ओले गोणपाट गुंडाळावे. चुना मात्र भोकांतून आत जाऊ देऊ नये; जो चुना काळ्या मातीत नको म्हणून एवढा खटाटोप केला, तोच आपल्या हाताने आत घालणे होईल.

पाण्याच्या बाटल्या, गोणी, बांबूची पेरे यांच्याही उतरंडी होतात. जे असेल ते वापरावे. परंतु एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. आपला मुलूख कपाशीचा आहे, आणि शेताच्या बांधावर कीटकनाशकांचे रिकामे डबे पडलेले असतात. ते दिसावयास मजबूत व स्वच्छ असतात. मुले ते हौसेने उचलून आणतील. असा डबा कितीही वेळा धुतला तरी कोणत्याही कारणासाठी शाळेत येता कामा नये. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो : तांबडा म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंग पाहून डबा निर्धोक आहे असे मुलांना वाटण्याचा संभव असतो. तो सर्वांत कमी विषारी आहे, बिनविषारी नव्हे. हे चित्र फळ्यावर काढून समजावून द्यावे. या पाठातून मुलांनी एवढे एकच लक्षात ठेवले, तरी घरोघरी त्याचा उपयोग आहे.

मिश्रण पुढीलप्रमाणे करावे. नारळाच्या सोडणाचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तो दोन भाग. चाळलेले गांडूळखत एक भाग. धुतलेली जाड वाळू किंवा भाताचे तूस एक भाग. भुशात क्षार असतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्यावा. काळी माती घालू नये. ती पाणी धरते तेव्हा फुगते, सुकते तेव्हा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग वरून ओतलेले पाणी फटीतून थेट खाली वाहून जाते. तथापि एका रोपाला मुद्दाम काळ्या मातीत लावून पाहावे. तुलनेवाचून प्रयोग नाही, हे मुलांना सांगून पटत नाही; पिवळे पान पाहिल्यावर पटते.

लागवडीची वेळ कांदेबागेच्या सुमाराची, परंतु शाळेच्या सोयीने दिवाळीची सुट्टी संपल्यावरची. सुट्टीपूर्वी लावलेली रोपे सुट्टीत पाण्यावाचून मरतात, हे ठरलेलेच आहे. स्वीट चार्ली, विंटर डॉन यांसारख्या जातींची रोपे रोपवाटिकांत मिळतात. रोपाच्या मुळांच्या व पानांच्या मध्ये जो आखूड, जाड खोडाचा गड्डा असतो, तो मिश्रणाच्या पृष्ठभागाशी बरोबर यावा. तो गाडला गेला तर सडतो आणि उघडा राहिला तर सुकतो. या एका गोष्टीत जितकी रोपे दगावतात, तितकी दुसऱ्या कशाने दगावत नसतील. म्हणून प्रत्येक मुलाचे रोप लावून झाल्यावर दुसऱ्या मुलाने ते तपासावे.

आता पाणी. उतरंडीतील सर्वांत मोठी अडचण ही की पाणी खाली जाते. वरचे रोप तहानलेले आणि तळचे रोप चिखलात, अशी स्थिती आठ दिवसांत येते. नळीच्या उतरंडीत यावर उपाय केळीबागेतच सापडतो. ठिबकची टाकून दिलेली जुनी नळी घेऊन तिचे खालचे टोक दुमडून बांधावे आणि तापविलेल्या दाभणाने शिक्षकांनी तिला भोके पाडावीत. वरच्या अर्ध्या भागात दाट, खालच्या अर्ध्या भागात विरळ, तळाच्या वीतभर भागात एकही नाही. ही नळी मोठ्या नळीच्या मधोमध उभी करून मग मिश्रण भरावे आणि वरून बाटलीच्या नाळक्याने पाणी घालावे. कुंड्यांच्या उतरंडीत प्रत्येक थराला वेगळे पाणी द्यावे लागते, ते लोट्याने द्यावे. हिवाळ्यात दररोज एका रोपाला सुमारे पाव लिटर हा प्रारंभीचा अंदाज धरावा व बोट घालून ओल पाहून तो कमी-अधिक करावा. बारा रोपांना तीन लिटर. उतरंडीखाली ताटली ठेवून तीत किती पाणी उतरले ते मापाने मोजावे. दिलेल्यातून उतरलेले वजा केले की किती पाणी आत राहिले ते कळते.

हे तीन लिटर कोठून येणार, हा प्रश्न टाळून चालणार नाही. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा या तालुक्यांतील कित्येक गावांत फेब्रुवारीनंतर शाळेच्या टाकीत पिण्याचेच पाणी जेमतेम असते. २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या आहार योजनेत शाळाशाळांतून परसबागा झाल्या आहेत. त्यांतील मेथी, पालक, वांगी, शेवगा यांचा हक्क पहिला. क जीवनसत्त्वासाठी स्ट्रॉबेरी हवी असेही नाही. गावातला पेरू त्या बाबतीत तिच्या तिप्पट-चौपट आहे आणि आवळा त्याहून पुढे. तेव्हा ज्या शाळेला पाणी पुरत नाही, तिने ही उतरंड करू नये, आणि जिला पुरते, तिनेही एकच करावी. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी या कामी उत्तम. साबणाचे पाणी क्षारयुक्त, ते वर्ज्य. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणीही क्षाराचे असते. फरशी धुण्यास ते चालेल, स्ट्रॉबेरीला चालणार नाही.

रोपे मूळ धरीपर्यंत पंधरा दिवस आलेली फुले खुडावीत. मुलांना ते जिवावर येते. एका रोपाची फुले न खुडता ठेवून त्याची वाढ पाहू द्यावी, म्हणजे समजूत पटते. याच दिवसांत उतरंडीचा उपयोग भूगोलासाठी करता येतो. जळगाव व धुळे ही दोन्ही शहरे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या आसपास, सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. त्यामुळे उतरंडीची सावली जवळजवळ उतरंडीएवढीच लांब पडते. मुलांनी दोन्ही मोजून पाहावीत. मेच्या अखेरच्या आठवड्यात तीच सावली मध्यान्ही नाहीशी होते. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने हिवाळ्यात उतरंडीच्या उत्तर अंगाला ऊन कमी लागते. दोन्ही अंगांच्या रोपांची पाने मोजून तुलना करावी, आणि फरक दिसला तर उतरंड फिरवावी की उत्तरेकडील भोके रिकामी ठेवावीत, याचा निर्णय वर्गाने घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण ऊन चालते. फेब्रुवारीपासून दुपारची सावली हवी.

फुलापासून पिकल्या फळापर्यंत सुमारे एक महिना लागतो. या महिन्यात शिकविण्यासारखे सर्वांत अधिक आहे.

फळावर जे पिवळसर ठिपके दिसतात, त्यांना आपण बी म्हणतो. वास्तविक ते प्रत्येकी एक स्वतंत्र फळ आहे आणि बी त्याच्या आत आहे. एका स्ट्रॉबेरीवर असे दोनशेच्या आसपास दाणे असतात. जो लाल, रसाळ भाग आपण खातो तो फुलाचा फुगलेला देठ, म्हणजे पुष्पाधार. तो का फुगतो? १९५० साली झां निट्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोवळ्या फळावरील दाणे काढून टाकले, तेव्हा पुष्पाधाराची वाढ थांबली. काही दाणे ठेवले, तेव्हा तेवढ्याच भागात तो फुगला. दाण्यांतून निघणारे वाढीचे द्रव्य त्याला वाढविते, हे त्यावरून स्पष्ट झाले. हा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांना करता येतो. पाकळ्या गळून आठवडा झालेल्या एका फळाच्या एका बाजूचे दाणे बारीक सुईच्या टोकाने अलगद काढावेत, दुसरी बाजू तशीच ठेवावी आणि तीन आठवडे वाट पाहावी. तशीच वाकडीतिकडी फळे निसर्गतःही येतात. मधमाशी फुलाच्या एका बाजूला पोहोचलीच नाही, तर तिकडचे दाणे फलित होत नाहीत. व्हरांड्यात मधमाश्या येत नसतील तर मऊ कुंचल्याने फुलाच्या मध्यावर गोल फिरवून परागण करावे. फुले असताना मच्छरदाणी घालू नये. फळे धरल्यावर बुलबुल व खारींपासून राखण्यासाठी ती घालण्यास हरकत नाही.

परागणाची एक ऐतिहासिक गोष्ट या वेळी सांगण्याजोगी आहे. फ्रान्सच्या राजाने १७१२ साली फ्रेझिए नावाच्या अधिकाऱ्यास दक्षिण अमेरिकेतील चिली देशात स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करण्यास पाठविले. तेथे त्याने मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी पाहिली आणि १७१४ साली परतताना काही रोपे बरोबर घेतली. प्रवास अनेक महिन्यांचा, जहाजावर गोडे पाणी मोजके. पाच रोपे जगली, आणि त्यांपैकी दोन फ्रेझिएने पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यास पाण्याच्या मोबदल्यात दिली. पण युरोपात ती रोपे वाढली तरी धड फळेनात, कारण ती सगळी मादी होती. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीच्या रोपांशेजारी ती लागली, तेव्हा फळे धरली. आणि त्या दोहोंच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्माला आली. १७६६ साली द्युशेन या तरुण फ्रेंच अभ्यासकाने हा संकर ओळखला. दोन खंडांतील दोन वनस्पती तिसऱ्या खंडात एकत्र आल्या नसत्या, तर बिस्किटाच्या वेष्टनावरील ते चित्र निघाले नसते.

फळ काढण्याच्या वेळी केळीशी तुलना पुन्हा उपयोगी पडते. केळीचा घड आपण हिरवा कापतो, तो पुढे पिकतो. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. तोडल्यावर तिची गोडी वाढत नाही. म्हणून पूर्ण लाल झाल्यावरच, सकाळच्या गारव्यात, देठासह तोडावी. एक कच्चे फळ तोडून कच्च्या केळ्याबरोबर पेटीत ठेवून मुलांना चार दिवसांनी दोन्हींची चव पाहू द्यावी. कांदेबागेच्या शेतकऱ्याचा माल दिल्लीपर्यंत जातो आणि महाबळेश्वरचा शेतकरी पहाटेपासून धावपळ करतो, याचे कारण मुले मग स्वतः सांगतील. बारा रोपांची फळे वर्गाला प्रत्येकी एक-दोन येतील, अधिक नाही. वाटणी कशी करावयाची हे लागवडीपूर्वीच ठरवून ठेवावे. फळ समोर आल्यावर ठरविणे कठीण जाते.

लागवडीच्या वेळी प्रत्येक रोप दोन मुलांच्या नावे करावे. एकाच्या नावे करू नये, याला कारण आहे. चाळीसगाव तालुक्यातून व दोन्ही जिल्ह्यांतील इतर पुष्कळ गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघतात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. स्ट्रॉबेरीचा हंगामही नेमका हाच. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहणारी मुले शाळेत राहतात, इतर जातात. गेलेल्या मुलाचे नाव पाटीवरून पुसू नये. जोडीदाराने रोपाची नोंद दोघांच्या वतीने ठेवावी : पहिले फूल कोणत्या तारखेला, फळे किती, रोप पिवळे पडले का. परत आलेल्या मुलाच्या हाती ही वही द्यावी. ती वाचता वाचता त्याचा चुकलेला अभ्यासही काही अंशी भरून निघतो, हा आडफायदा लहान नाही. त्याला फळ मिळालेले नसते हे खरे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु याच वेळी रोप दुसरी एक वस्तू देऊ लागते.

दिवस मोठे व उबदार होऊ लागले की स्ट्रॉबेरीला फुले कमी येतात आणि गड्ड्यातून लांब, दोरीसारखी धावती खोडे फुटतात. त्यांच्या पेऱ्यावर लहानसे रोप असते. केळीला जसा मुनवा, तसे स्ट्रॉबेरीला धावते खोड. फरक एवढाच की मुनवा आईच्या बुडख्याशी जमिनीतून येतो आणि हे रोप हातभर लांब जाऊन हवेत लोंबते. महाबळेश्वरकडील शेतकरी मातृरोपांपासून पुढील हंगामाची रोपे याच रीतीने तयार करतात. आपण बाटलीचा खालचा भाग कापून त्याला भोक पाडावे, मिश्रण भरावे आणि लोंबणारे रोप त्यात टेकवून केसांच्या आकड्याने दाबून ठेवावे. तीन आठवड्यांत मुळे धरतात. मग आईपासून कापून वेगळे करावे. अशी पहिली रोपे परगावाहून परतलेल्या मुलांना द्यावीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही रोपे शाळेत ठेवू नयेत, घरी न्यावीत. घरात त्यांना योग्य जागा एकच, माठाजवळची : तेथे गारवा असतो, सावली असते, आणि माठाखाली ठिबकणारे पाणी आयते मिळते. दुपारी ओले फडके सभोवती गुंडाळावे, खत देऊ नये. पाने करपली तरी गड्डा हिरवा असेतो रोप टाकू नये. मे महिन्यात बरीच रोपे मरतील, आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. जून महिन्यात शाळा उघडेल त्या आठवड्यात जिवंत रोपे शाळेत आणून मोजावीत, प्रत्येक रोप कोठे ठेवले होते ते विचारावे, आणि संख्या, ती शून्य असली तरी, वहीत लिहावी.